बडनेऱ्याला गाडी बदलताना

मुंबईहून अमरावतीला निघालेल्या माणसाला बडनेरा ठाऊक नसणं शक्य नाही. मुंबई-हावडा हा मोठा लोहमार्ग अमरावती शहरातून जात नाही, बडनेऱ्यातून जातो. कितीतरी उतारू इथंच उतरतात, पिशवी खांद्याला लावतात आणि पुढच्या दहाएक किलोमीटरसाठी ऑटो, सिटी बस किंवा जोडगाडी शोधू लागतात. सहा-सातशे किलोमीटर एका तिकिटावर झालेले असतात, शेवटच्या दहांची सोय ज्याची त्यानं पाहायची. दिवसा त्याचं काही वाटत नाही. पण रात्री दोनला उतरलेला माणूस तापानं फणफणलेला असेल, सोबतीला कोणी नसेल, तर हे दहा किलोमीटर सगळ्या वाटेपेक्षा लांब होतात.

टीबी आणि एचआयव्ही या दोन्ही आजारांची सेवा एकाच दवाखान्यात, एकाच भेटीत कशी द्यावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. हस्तलिखित वाचताना बडनेऱ्याचा फलाट माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. या दोन्ही आजारांची औषधं आहेत. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. तपासण्या आहेत, त्याही फुकट. तरीही माणसं दगावतात, आणि त्यातली बरीच औषधाअभावी नव्हे, तर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जाताना हरवल्यामुळे. कुणीतरी चिठ्ठी लिहून दिलेली असते आणि ती खिशातच राहते. या गाडी बदलण्याच्या जागेबद्दल मराठीत फारसं कोणी लिहिलेलं नाही, म्हणून ही प्रस्तावना मी थोडी लांबवणार आहे.

एक माणूस डोळ्यांपुढे आणू. तो माझ्या कल्पनेतला आहे, पण वऱ्हाडातल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा माणूस बसलेला असतो. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं गाव, चाळिशी जवळ आलेली, दोन एकर कोरडवाहू. सोयाबीन निघालं की पुण्याकडे बांधकामावर जायचं आणि पेरणीला परत यायचं. या खेपेला परतला तो खोकतच. गावातल्या डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलं, मग इंजेक्शन, मग दुसरं औषध. महिना गेला. करदोडा सैल झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासला, त्यात काही निघालं नाही. निघालं नाही म्हणजे टीबी नाही, असं त्यानंही समजून घेतलं आणि घरच्यांनीही. आणखी महिना गेल्यावर तो उठून बसेना. मग कोणीतरी नीट विचारलं, बेडका मशीनवर पाठवला आणि टीबी सापडला. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी व्हावी असा नियम आहे, त्याप्रमाणे रक्त घेतलं. तिथून त्याला अमरावतीच्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या, केंद्राची चिठ्ठी मिळाली. टीबीच्या गोळ्या एकीकडून, एचआयव्हीच्या दुसरीकडून. हे सोमवारी या म्हणणार, ते गुरुवारी. प्रत्येक फेरीला दिवसाचा रोज पडतो, बायकोचाही पडतो, कारण त्याला एकट्याला चालवत नाही. त्या बाईनं विचारलं, ‘एकाच डागदरले दोन्ही दुखणे काहून नाही दाखवता येत?’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जगभरच्या वैद्यकाला त्याचं उत्तर शोधायला वीसेक वर्षं लागली आणि शेवटी ते त्या बाईच्याच बाजूनं निघालं. हे पुस्तक त्या उत्तराचं आहे.

आधी हे दोन आजार एकमेकांना कसे धरतात ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढची सगळी खटपट नुसती कागदी वाटते. टीबीचा जंतू आपल्याकडे कितीतरी धडधाकट माणसांच्या छातीत असतो. शरीर त्याला मारून टाकत नाही, कोंडून ठेवतं. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गाठीसारखं कुंपण घालतात आणि त्या कुंपणाआड तो वर्षानुवर्षं निपचित राहतो. निरोगी माणसात तो आयुष्यात कधीतरी जागा होण्याची शक्यता शंभरात पाच ते दहा धरली जाते. एचआयव्हीचा विषाणू मात्र नेमका त्या कुंपणाच्या राखणदारांवर उठतो. सीडी-फोर म्हणतात त्या पेशी घटत गेल्या की कुंपण ढासळतं, आणि उपचार सुरू नसतील तर जी जोखीम आयुष्यभराची होती ती जवळपास एकेका वर्षाची होते. उलट बाजूनं टीबीही एचआयव्हीला बळ देतो. शरीर टीबीशी झुंजत असताना विषाणूची वाढ जोर धरते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा जीव जगभर सर्वांत जास्त घेतो तो टीबीच.

आणि त्या माणसाचा बेडका पहिल्यांदा कोरा का निघाला, याचंही उत्तर इथंच आहे. फुप्फुसात पोकळी पडते, तिच्यात जंतूंची गर्दी होते आणि ते खोकल्यावाटे बाहेर येतात, हे सगळं घडतं ते शरीर नेटानं लढत असतं म्हणून. प्रतिकार ढिला पडला की पोकळ्या पडत नाहीत, बेडक्यात जंतू कमी येतात, एक्स-रेही फसवतो, आणि टीबी फुप्फुस सोडून गाठीत, पोटात, मेंदूच्या आवरणात जातो. दुर्बिणीखाली काही न दिसणारा हा टीबी जास्त जीवघेणा असतो. जंतूच्या जनुकावरून तो ओळखणारं यंत्र आल्यावर हा पडदा पुष्कळसा दूर झाला. जीनएक्सपर्टला, म्हणजे आपल्या दवाखान्यांत ज्याला ‘सीबीनॅट’ म्हणतात त्याला, जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली. पुढे गोव्यातल्या मोलबायो कंपनीनं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट तयार केलं आणि 2020 मध्ये त्यालाही ती मान्यता मिळाली. दिवसाचे आठ तास वीज नसलेल्या आरोग्य केंद्रात या बॅटरीची किंमत काय असते, हे मेळघाटात काम करणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

आता या दोन आजारांचे दोन वेगळे कारखाने कसे उभे राहिले ते थोडक्यात. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये टीबीच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षांनी, 1887 च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगानं गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. जंतू सापडला होता, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं. 1959 मध्ये मद्रासच्या टीबी केंद्रातून एक अभ्यास आला आणि त्यानं सॅनटोरियमचा काळ संपवला: दाटीवाटीच्या गरीब घरात राहून औषध घेणारे रुग्ण रुग्णालयात ठेवलेल्यांइतकेच बरे होत होते, आणि घरच्या माणसांना लागण होण्याची जोखीमही त्यानं वाढत नव्हती. डोंगरावरची हवा, अंडी, दूध यांपेक्षा रोजची गोळी मोठी ठरली. 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1997 पासून तो ‘डॉट्स’च्या, म्हणजे कोणाच्या तरी देखत गोळी घेण्याच्या, रूपात नव्यानं उभा राहिला आणि 2006 पर्यंत देशभर पोचला.

एचआयव्हीची कथा निराळी. 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातली पहिली लागण शोधली. सुनीतीबाई मूळच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घरातल्या. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना 1992 मध्ये स्थापन झाली. सुरुवातीची बारा वर्षं या कार्यक्रमाकडे रुग्णाला देण्यासारखं औषधच नव्हतं. होती ती जनजागृती, भिंतीवरची चित्रं आणि समुपदेशन. 1 एप्रिल 2004 रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एआरटी फुकट मिळू लागली, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. म्हणजे एक कार्यक्रम जुना, तालुक्यातालुक्यात पसरलेला, बेडका आणि गोळ्या मोजणारा. दुसरा नवा, थोड्या मोठ्या शहरांतला, बोलण्यावर आणि गुप्ततेवर भर देणारा. दोघांची नोंदवही वेगळी, अधिकारी वेगळे, पैशाचा रस्ता वेगळा, बोलण्याची ढबही वेगळी. कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण माणसाचं शरीर असं खात्याखात्यांत वाटलेलं नसतं.

मी स्वतः बराच काळ असं मानत होतो की दोन्ही औषधं एकदम सुरू करणं म्हणजे आधीच खचलेल्या माणसावर ओझं लादणं. अनेक डॉक्टरांचंही तसंच मत होतं: आधी टीबी संपवू, मग एचआयव्हीकडे पाहू. गोळ्यांचा ढीग, दोन औषधांची भांडणं, आणि एआरटी सुरू होताच कधी कधी उसळणारा ताप, या सगळ्याची भीती होतीच. पुरावा उलटा आला. दक्षिण आफ्रिकेत डर्बनमध्ये 642 रुग्णांवर झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीचे उपचार चालू असतानाच ज्यांना एआरटी दिली त्यांच्यातले मृत्यू, टीबी संपेपर्यंत थांबवलेल्यांपेक्षा 56 टक्क्यांनी कमी होते. पुढच्या वर्षी कंबोडियातून आणखी नेमकं उत्तर आलं. तिथं अतिशय खालावलेल्या 661 रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवड्यांनी आणि निम्म्यांना आठ आठवड्यांनी एआरटी सुरू केली. लवकर सुरू केलेल्यांत 332 पैकी 59 दगावले, उशिरा सुरू केलेल्यांत 329 पैकी 90. हे आकडे मी मुद्दाम पूर्ण लिहितो आहे. मधल्या सहा आठवड्यांची ही किंमत आहे. आपला नांदगावचा माणूस ‘गुरुवारी या’ आणि ‘पुढच्या सोमवारी या’ यांत जे दिवस घालवतो, ते याच सहा आठवड्यांतले असतात. एक अपवाद मात्र प्रत्येकानं मनात पक्का ठेवावा: टीबी मेंदूच्या आवरणात असेल तर घाई करायची नाही, डॉक्टर ठरवतील तेव्हाच एआरटी.

भारतात दोन्ही कार्यक्रमांची बोलणी 2001 पासून सुरू झाली, महाराष्ट्रासारख्या जास्त लागणीच्या राज्यांत आधी. 2008 पासून दोन्हीकडून चाळणी लागली: टीबीच्या रुग्णाची एचआयव्ही तपासणी आणि एचआयव्हीच्या रुग्णाला प्रत्येक भेटीत टीबीचे प्रश्न. पण तपासणी जोडली गेली तरी औषधाच्या खिडक्या वेगळ्याच राहिल्या, आणि चिठ्ठ्यांचा काळ खूप लांबला. 2016-17 च्या सुमारास एआरटी केंद्रातच टीबीच्या रोजच्या गोळ्या मिळू लागल्या. तोवर आठवड्यातून तीनदा डोज द्यायची पद्धत होती. प्रतिकार खचलेल्या शरीरात त्या अधूनमधूनच्या डोजांमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका जास्त होता. रोजच्या गोळीबरोबर पाकिटाची एक युक्ती आली. गोळी ढकलून बाहेर काढली की तिच्यामागे छापलेला नंबर उघडा पडतो आणि रुग्ण त्यावर फुकट फोन लावतो. गोळी घेतल्याची खूण लागते, आणि आरोग्यसेविकेसमोर रोज जाऊन तोंड उघडून गोळी गिळण्याची लाज टळते. ही पद्धत सगळीकडे सारखी चालली असा माझा दावा नाही; रेंज नसलेल्या गावात फोन तरी कुठून लागणार? पण रुग्णावर विश्वास टाकण्याची सुरुवात तिथून झाली, म्हणून तिचा उल्लेख मला करावासा वाटला.

या पुस्तकाचा मला सर्वांत आवडलेला भाग चार प्रश्नांचा आहे. एचआयव्हीसह जगणारा माणूस कोणत्याही कारणानं दवाखान्यात आला की त्याला विचारायचं: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम सुटतो का? चारांतलं एकही ‘हो’ आलं की टीबीची तपासणी. एकही नसेल तर टीबी होऊ नये म्हणून गोळ्यांचा प्रतिबंधक कोर्स देता येतो. हे प्रश्न छापील कागदावर चौकोन भरण्यासाठी विचारले तर चारही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ येतं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा, ‘रात्री घाम येतो काय’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. विचारायचं ते असं: पहाटे बनियन पिळावं लागते काय? वजनाचा काटा गावात नसतो. करदोडा ढिला झाला काय, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात काय, पोलकं सैल पडलं काय, हे विचारलं की बाई हात पुढे करून दाखवते. खोकल्याबद्दल ‘तीन आठवडे झाले का’ असं न विचारता ‘पोळ्याच्या आधीपासून आहे का नंतर’ असं विचारावं. आशाताईंना हे सांगायची गरज नसते. गरज असते ती त्यांच्या या भाषेला फॉर्मवर जागा देण्याची.

दुसरा भाग औषधांच्या आपसांतल्या भांडणाचा आहे. तो थोडा किचकट आहे, तरी तो वगळून कोणी पुढे जाऊ नये. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन हे मुख्य. ते यकृताला जोरात कामाला लावतं आणि यकृत मग इतर औषधंही भराभर संपवून टाकतं. एचआयव्हीसाठी आता सर्रास दिलं जाणारं डोल्युटेग्राविर त्यातलंच एक. म्हणून टीबीचे उपचार चालू असताना डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी बारा तासांनी द्यावी लागते. टीबीच्या खिडकीला एचआयव्हीची गोळी ठाऊक नाही आणि एचआयव्हीच्या खिडकीला टीबी सुरू झाल्याची खबर नाही, असं झालं तर रुग्ण मुकाट्यानं अर्धाच डोज घेत राहतो. तो काहीच चुकत नसतो. गोळ्या वेळेवर घेतो, जेवणाआधी-नंतर सांगितलं तसं पाळतो, आणि तरी विषाणू डोकं वर काढतो. मग ‘तुम्ही नीट घेतल्या नसतील’ म्हणून बोलणी त्यालाच खावी लागतात. हा अन्याय मला फार लागतो. एका कार्डावर दोन्ही औषधं लिहिली असती तर तो टळला असता.

तसाच तो उसळणारा ताप. एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती जागी होते, आणि लपून बसलेल्या टीबीवर ती इतक्या जोरानं तुटून पडते की गाठी सुजतात, ताप चढतो, माणूस आधीपेक्षा आजारी दिसतो. घरचे म्हणतात, गोळ्या मानवल्या नाहीत. शेजारी म्हणतात, सोडून दे बाप्पा, जीव घेतील. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, औषध लागू पडल्याची खूण दिसत असताना, माणूस औषध सोडतो. हे होऊ शकतं एवढं समुपदेशकानं आधी, शांतपणे, नवराबायको दोघांनाही सांगितलं असेल तर तो ताप घेऊन दवाखान्यात येतो, घरी बसत नाही. पाच मिनिटांच्या या बोलण्याची किंमत कोणत्याही यंत्रापेक्षा कमी नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की दोन दवाखान्यांमधली भिंत पाडली की काम झालं. तसं नाही, आणि पुस्तक ते लपवत नाही याचं मला समाधान आहे. एका छताखाली आणणं म्हणजे खोकणारा माणूस आणि ज्याला खोकल्यातून सर्वांत जास्त धोका आहे तो माणूस, यांना एकाच बाकावर बसवणं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात टुगेला फेरी नावाचं खेडेगाव आहे. तिथल्या रुग्णालयात जवळपास कोणत्याच औषधाला दाद न देणारा टीबी सापडल्याची बातमी 2006 मध्ये जगभर गेली. असे 53 रुग्ण निघाले, त्यांतले 52 गेले. ज्या 44 जणांची एचआयव्ही तपासणी झालेली होती ते सगळे लागण झालेले होते. बेडका घेतल्यापासून मृत्यूपर्यंत निम्म्या रुग्णांच्या हाती सोळा दिवससुद्धा नव्हते. अनेकांना ही लागण दवाखान्यातच झाल्याची चिन्हं होती. उपचार घ्यायला आले आणि तिथंच आजार घेऊन गेले.

यावरचा उपाय महागडा नाही. पेरू देशातल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांची हवा मोजली गेली आणि 2007 मध्ये निष्कर्ष आले: 1950 च्या आधी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हवा सर्वांत चांगली खेळत होती, नव्या बांधणीच्या खोल्यांपेक्षाही. आपल्या वऱ्हाडात इंग्रजी अमदानीतल्या अशा इमारती अजून उभ्या आहेत. जाड भिंती, वर झरोके, समोरासमोर दारं. आपण त्यांना छत खाली घेऊन, काचा लावून, एसी बसवून ‘सुधारतो’ तेव्हा काय गमावतो याचा विचार व्हायला हवा. उन्हाळ्यात एक वेगळीच गोष्ट घडते. खिडकीत बसवलेला वाळ्याचा कुलर बाहेरची हवा आत ओढतो, आणि समोरचं दार उघडं असेल तर खोलीतली हवा तिथून बाहेर जाते. तोच कुलर जागा नाही म्हणून खोलीत आणून ठेवला, दारं लावली, की तो तीच हवा सगळ्यांच्या नाकातोंडावरून फिरवत राहतो. अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यात संसर्ग आवरायचा तर सुरुवात कुलर कुठं ठेवला आहे इथून करावी, असं मी म्हणेन. मग व्हरांड्यातले बाक, खोकणाऱ्याला रांगेत पुढे घेणं, रुमाल किंवा मास्क. खोकणाऱ्याला आधी मोकळं करणं हा इतरांवर अन्याय नाही, हे रांगेला समजावून सांगावं लागतं. एकदा सांगितलं की रांग ऐकते.

दुसरी अडचण लाजेची आणि गुपिताची. बडनेऱ्यासारख्या गावात, जुनी वस्ती असो की नवी वस्ती, कोण कोणत्या दारात शिरलं हे संध्याकाळपर्यंत चौकात पोचतं. ‘एआरटी’ अशी पाटी असलेल्या दारासमोर उभं राहणं म्हणजे स्वतःबद्दलची बातमी स्वतःच सांगणं. म्हणूनच जवळचं केंद्र सोडून माणसं दूरच्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव घालतात. अमरावतीकडचा अकोल्याला जातो, अकोल्याकडचा अमरावतीला येतो. ऐंशीएक किलोमीटरच्या या उलटसुलट वाटेवर दोघंही बडनेऱ्याच्या फलाटावर एकमेकांना ओलांडून जात असतील आणि दोघांनाही ते ठाऊक नसेल. अंतर हेच त्यांनी स्वतःसाठी विकत घेतलेलं संरक्षण असतं, आणि ते महाग पडतं. एकत्र सेवेचा एक फायदा इथं होतो. एकाच दारातून बीपीवाला, खोकल्यावाला, गरोदर बाई आणि एआरटीवाला आत गेले की कोण कशासाठी आला हे बाहेरून कळत नाही. पण आतली भिंत तेवढीच जपावी लागते. नाव पुकारताना आजार पुकारायचा नाही, कार्डाच्या रंगावरून ओळख पटू द्यायची नाही, आणि नवऱ्याची गोष्ट बायकोला, बायकोची सासूला परस्पर सांगायची नाही. एचआयव्ही आणि एड्सबाबतचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय वाच्यता नाही, नोकरीत आणि उपचारात भेदभाव नाही, हे त्यानं हक्क म्हणून लिहून दिलं. टीबीचं तसं नाही. टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. एकाच टेबलावर एक आजार कळवायचा आहे आणि दुसरा झाकायचा आहे. ही कसरत रोज करणाऱ्या समुपदेशकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आजार वेगळा ठेवण्याची किंमत वऱ्हाडाला ठाऊक आहे. अमरावतीच्या कडेला दाजीसाहेब, म्हणजे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं. गावानं टाकलेल्या माणसांना तिथं घर मिळालं, काम मिळालं, मान मिळाला. त्या काळी तीच सर्वांत मोठी माणुसकी होती. पुढे औषधं सुधारली आणि या शतकाच्या सुरुवातीला कुष्ठरोगाचे उपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामील झाले. आज अंगावर चट्टा दिसलेला माणूस जवळच्या आरोग्य केंद्रात जातो आणि गोळ्या घेऊन संध्याकाळी आपल्याच घरी परततो. तपोवनाचा मोठेपणा त्यानं उणावत नाही. त्या घराची गरज कमी व्हावी हीच ते बांधणाऱ्यांची इच्छा असणार. टीबी आणि एचआयव्हीची वेगळी दारं ही अशीच एका काळाची गरज होती. औषध नव्हतं, भीती दांडगी होती, आणि खास माणसं शिकवून तयार करावी लागत होती. आता ती दारं एका व्हरांड्यात उघडायला हरकत नाही.

केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतल्या उबुंटू दवाखान्यात दोन्ही आजारांच्या खिडक्या एकत्र केल्या गेल्या. तिथं डॉक्टर कमी होते, म्हणून नर्सेसनी हे काम पेललं. मुंबईत गोवंडीच्या दवाखान्यात मेदसाँ साँ फ्राँतिए या संस्थेनं एचआयव्हीसोबत औषधाला दाद न देणारा टीबी असलेल्या रुग्णांवर उपचार केले. ही उदाहरणं पुस्तकात आहेत आणि ती वाचावीत. मात्र वाचताना कोणी असं म्हणू नये की ते परदेशी पैशाचं काम, ते आपल्याला कसं जमणार. एका कार्डावर दोन औषधं लिहायला परदेशी पैसा लागत नाही. दोन तारखा एकाच दिवशी द्यायला तर मुळीच नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर जेवणाचंही बोलू. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळू लागले, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1000 झाले. रक्कम थेट बँकेत जाते, आणि तिथंच अडते: खातं नाही, आधार जोडलेलं नाही, नावात फरक आहे. रिकाम्या पोटी दोन आजारांच्या गोळ्या गिळणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मळमळ होते, माणूस गोळीला दोष देतो, आणि खरं कारण भाकरीत असतं. म्हणून बँकेचं काम करून देणारा माणूसही मला औषध देणाऱ्याइतकाच दवाखान्याचा भाग वाटतो. पुस्तकात यावर एकच पान आहे. पुढच्या आवृत्तीत दहा असावीत.

हे पुस्तक कोणासाठी आहे? तालुक्याच्या डॉक्टरांसाठी आहे, पण त्यांच्याहून जास्त ते प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञासाठी, समुपदेशकासाठी, टीबीच्या पर्यवेक्षकासाठी, आरोग्यसेविकेसाठी आणि आशाताईंसाठी आहे. धारणीहून अमरावतीला दीडशेएक किलोमीटर घाट उतरून आलेला कोरकू माणूस दवाखान्याच्या फाटकात ज्यांना पहिल्यांदा भेटतो, त्या सगळ्यांसाठी आहे. त्यातलं वैद्यकशास्त्र बदलत राहील, गोळ्यांची नावं बदलतील. न बदलणारी गोष्ट ही की रुग्णाला आपल्या दारातून दुसऱ्या दाराकडे पाठवायचं असेल तेव्हा चिठ्ठीसोबत माणूस पाठवावा, आणि माणूस नसेल तर निदान फोन करावा, तो पोचला का हे संध्याकाळी विचारावं. नांदगावच्या आपल्या माणसाची टीबीची शेवटची गोळी संपेल, तेव्हा डोल्युटेग्राविरची ती जादा गोळी आणखी दोन आठवडे घ्यायची आहे आणि मग थांबवायची आहे, हे त्याला कोण सांगणार, याचं उत्तर प्रत्येक दवाखान्यानं एका नावानिशी लिहून ठेवावं.

संपादकांना मी एक विनंती केली होती आणि ती त्यांनी मान्य केली. पुस्तकाच्या शेवटी काही पानं कोरी ठेवली आहेत. ज्यानं त्यानं आपल्या दवाखान्यापुरती माहिती तिथं भरायची: आठवडी बाजार कोणत्या वारी, त्या दिवशी कोणता रुग्ण येणार नाही, कोणती एसटी किती वाजता सुटते, सीबीनॅटचा निकाल सांगायला कोणाला फोन लावायचा, कुलरची कोणती खिडकी उघडी ठेवायची. माझ्या प्रतीत पहिली ओळ मी पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे. बडनेऱ्याकडून आलेला असेल तर त्याचं रक्त, बेडका आणि गोळ्या तिन्ही दुपारच्या आत उरकावीत. परतीची गाडी त्याला उजेडी मिळाली पाहिजे.